बालवर्गातलं लक्ष: एका निरीक्षण प्रकल्पाच्या नोंदी

३ जुलै

सुरुवात करण्याआधी दोन्ही गटांच्या ताईंशी निवांत बोललो. त्यांचा पहिला प्रश्न सरळ होता: काही मुलांचं लक्षच लागत नाही, त्यांचं काय करायचं? पुढच्याच वाक्यात त्यांनी सांगितलं, की यातलाच एक मुलगा ठोकळे घेऊन बसला की चार हाका मारल्या तरी मान वर करत नाही. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली आणि प्रकल्पाचा प्रश्न तिथंच ठरला. कोणाला लक्ष आहे नि कोणाला नाही, हे मोजायचं नाही. एकाच मुलाचं लक्ष शिकवण्याच्या पद्धतीबरोबर कसं बदलतं, ते पाहायचं.

वर्गाच्या दिवसात चार प्रकारचे वेळ येतात. सकाळचा गोल (सगळी मुलं ताईंबरोबर एकत्र बसतात तो), ताईंनी दाखवून करून घेतलेलं छोट्या टोळीतलं काम, निवडीचा वेळ (मूल आपलं काम स्वतः निवडतं तो) आणि भूमिकाखेळ. सगळी मुलं रोज या चारही वेळांतून जातात, म्हणून प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच करता येईल. छोट्या गटात तीन-चार वर्षांची मुलं आहेत, मोठ्या गटात पाच-सहा वर्षांची.

एक गोष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, कारण पुढे ती लागणार आहे. मायकेल पोस्नर आणि स्टीव्हन पीटरसन यांनी १९९० मध्ये अवधानाची तीन कामं वेगळी करून दाखवली: सावध असणं, एखाद्या गोष्टीकडे रोख वळवणं, आणि ओढणाऱ्या गोष्टी बाजूला ठेवून ठरवलेल्या गोष्टीवर टिकून राहणं. पहिली दोन तान्ह्या बाळातही दिसतात. तिसरं काम बालवर्गाच्या वयात सगळ्यात कच्चं असतं आणि याच वयात ते झपाट्यानं वाढतं. आपण मुलाला ‘लक्ष दे’ म्हणतो तेव्हा हे तिसरं काम मागत असतो, आणि बहुतेक वेळा ते मोठ्यांनी निवडलेल्या गोष्टीसाठी मागत असतो.

८ जुलै

नोंद कशी घ्यायची यावर आजचा अख्खा दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता.

पद्धत अशी: हजेरीच्या यादीप्रमाणे एकेक मूल घ्यायचं, काही सेकंद पाहायचं, त्या क्षणी ते काय करतंय ते लिहायचं आणि पुढच्या मुलाकडे जायचं. यादी संपली की पुन्हा वरून. यादी हातात नसली तर निरीक्षकाची नजर आपसूक दंगा करणाऱ्याकडे जाते आणि कोपऱ्यात शांतपणे शून्यात पाहत बसलेली मुलगी नोंदीत येतच नाही. ताईंचंही नेमकं हेच होतं. दोष त्यांचा नाही, पंचवीस-तीस मुलांत आवाज आधी ऐकू येतो.

खरा वाद झाला तो ‘लक्ष आहे’ कशाला म्हणायचं यावरून. गोलात एक मुलगी खिडकीकडे पाहत होती आणि गाण्याची ओळ न् ओळ म्हणत होती. तिच्याच शेजारचा मुलगा हाताची घडी घालून, पाठ ताठ ठेवून ताईंकडे पाहत होता. ताईंनी काय विचारलं ते मात्र त्याला सांगता आलं नाही. नुसती नजर लिहिली असती तर दोघांचीही नोंद उलटी पडली असती.

हॉली रफ आणि कॅथरिन लॉसन यांनी १९९० मध्ये खेळणाऱ्या लहान मुलांच्या नोंदी घेताना नुसतं पाहणं आणि एकवटून पाहणं वेगळं धरलं होतं. एकवटलेलं मूल वस्तूवर झुकतं, चेहरा गंभीर होतो, इकडचं तिकडचं बोलणं थांबतं, हात वस्तूवर नेमकं काहीतरी करत असतात. आम्ही त्याच धर्तीवर नजर, अंग आणि हात असे तीन वेगळे रकाने केले. गोलासाठी चौथा रकाना: विचारलं तर उत्तर किंवा कृती आली का.

आम्हा दोघा निरीक्षकांच्या नोंदी किती जुळतात हे पाहायला कोहेनचा ‘कॅपा’ (kappa) वापरणार. १९६० पासून वापरात असलेलं हे माप, आणि योगायोगानं जुळलेल्या नोंदी त्यातून वजा होतात. निवडीच्या वेळी आम्ही दोघं सहज जुळतो. गोलात जुळणं अवघड जातं. हीसुद्धा एक माहितीच आहे: ऐकण्याचं लक्ष बाहेरून फार कमी दिसतं.

११ जुलै

मुलं अजून आमच्याकडेच पाहतात. वहीत काय लिहिता, पेन कुणाचं, घरी कधी जाणार. अशा दिवसांच्या नोंदी विश्लेषणात धरायच्या नाहीत. भिंतीशी बसलो, विचारलं तर थोडक्यात उत्तर दिलं. कंटाळून तीच पाठ फिरवतील.

१८ जुलै

गोलाच्या नोंदी आता पुरेशा जमल्या आहेत आणि त्यात एक आकार दिसतो. गोष्ट चालू असताना लक्ष फारसं तुटत नाही. तुटतं ते वाट पाहण्यात. ताई एकेकाला उभं करून विचारतात, तेव्हा एक मूल कामात असतं आणि बाकीची सगळी थांबलेली असतात. मोठ्या माणसाला रांगेत उभं राहता येतं, कारण आपल्या मनात नंबराचा हिशेब चालू असतो. साडेतीन वर्षांच्या मुलाला ‘तुझी पाळी अजून सहा मुलांनंतर’ याचा अर्थच लागत नाही. मग ते शेजारच्याच्या बुटाची वेलक्रो उघडतं, आणि आमच्या वहीत ‘लक्ष नाही’ अशी खूण पडते.

मोठ्या गटाच्या ताईंनी आज स्वतःहून एक बदल केला. एकाला विचारण्याऐवजी सगळ्यांनी मिळून उत्तर अंगानं द्यायचं: मोठं असेल तर हात पसरायचे, लहान असेल तर मिटायचे. खूप साधा बदल, पण कोणीच रिकामं उरलं नाही. नंतर त्यांनी उलटा खेळ घेतला, ‘डोकं’ म्हटलं की पायांना हात लावायचा आणि ‘पाय’ म्हटलं की डोक्याला. मेगन मॅक्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचं आत्मनियमन मोजण्यासाठी याच प्रकारची चाचणी वापरात आणली. यात सूचना डोक्यात धरून ठेवावी लागते, ओठांवर आणि हातात आलेली सवयीची कृती रोखावी लागते, आणि दुसरीच करावी लागते. गोलाच्या सुरुवातीची कामं लवकर आटोपून या खेळाला वेळ द्यावा, असं मी ताईंना सुचवलं आहे.

२५ जुलै

छोट्या गटाच्या ताईंची तक्रार: ‘सांगितलेलं कळतं, विचारलं तर म्हणूनही दाखवतो, पण करतो तेच.’ ही तक्रार ऐकताच पत्त्यांची चाचणी आठवली. फिलिप झेलाझो आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ती रूढ केली. मुलाला चित्रांचे पत्ते आधी रंगाप्रमाणे लावायला सांगतात, मग ‘आता आकाराप्रमाणे’ असं सांगतात. तीन वर्षांची बरीच मुलं नवा नियम विचारला तर बरोबर सांगतात, आणि पत्ता मात्र जुन्याच नियमानं टाकतात. चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं नियम बदलू शकतात.

म्हणजे ताईंचं निरीक्षण अगदी अचूक आहे. फक्त त्याचं नाव ‘हट्ट’ नाही. माहीत असणं आणि त्याप्रमाणे वागणं यांच्यामधला पूल त्या वयात अर्धवट बांधलेला असतो. याचा शिकवण्याशी थेट संबंध आहे. छोट्या गटात एका कामातून दुसऱ्यात जाताना नुसती तोंडी सूचना पुरत नाही. जुनी वस्तू समोरून उचलली, जागा बदलली, नवी वस्तू हातात दिली की मुलं नव्या कामात जातात. मोठ्या गटाला सांगणं बऱ्याचदा पुरतं. दोन्ही गटांना एकाच आवाजात एकच सूचना देण्याची पद्धत बदलायला हवी, याबद्दल आता शंका उरलेली नाही.

१ ऑगस्ट

निवडीचा वेळ. आजची नोंद लांबणार.

छोट्या गटातली एक मुलगी लाकडी दट्ट्यांची पेटी घेऊन बसली. दट्ट्या काढल्या, मिसळल्या, एकेक भोकात बसवून पाहिली, पुन्हा काढल्या. तिसऱ्या फेरीला तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती, रफ यांच्या वर्णनात शोभावी अशी. इतक्यात ताई जवळ आल्या आणि प्रेमानं म्हणाल्या, ‘वा! किती छान! यातली सगळ्यात जाड कोणती गं?’ मुलीनं वर पाहिलं, एका दट्टीवर बोट ठेवलं, ताई हसल्या आणि पुढे गेल्या. मुलगीही उठली. पेटी तशीच राहिली.

हाच प्रकार मागच्या नोंदींत शोधला, तर तो जागोजागी सापडला. निवडीच्या वेळात मुलांचं लक्ष मोडणारी सगळ्यात नियमित गोष्ट दुसरं मूल नाही, बाहेरचा आवाज नाही, तर मदतीला आलेलं मोठं माणूस आहे. कौतुक, प्रश्न, दुरुस्ती, फोटो. एकाही ताईचा हेतू चुकीचा नाही, उलट जितक्या मनापासून काम करतात तितक्या जास्त वेळा त्या मुलांजवळ जातात.

याचं महत्त्व समजायला डॅनियल अँडरसन यांचं काम उपयोगी पडतं. १९७० च्या दशकात, दूरचित्रवाणी पाहणाऱ्या मुलांचा अभ्यास करताना, त्यांच्या लक्षात आलं की नजर एका जागी जितका वेळ टिकलेली असते, तितकी ती पुढेही टिकण्याची शक्यता वाढत जाते. सुरुवातीचे काही सेकंद सगळ्यात नाजूक. पंधरा सेकंदांच्या आसपास पोहोचलं की मूल मुरतं आणि बाहेरच्या गोष्टींनी हलत नाही. पुढे १९९१ मध्ये पाच वर्षांच्या मुलांच्या खेळण्यांशी चाललेल्या खेळातही हेच आढळलं. म्हणजे मुरलेल्या मुलाला हाक मारली की नुसतं मिनिट वाया जात नाही. ते परत आलं तरी पहिल्या, नाजूक सेकंदांपासून चढण पुन्हा चढावी लागते. दिवसभरात हे वारंवार झालं तर लांब, खोल लक्षाचा अनुभवच मुलाच्या वाट्याला येत नाही, आणि मग आपण म्हणतो की याला एका जागी बसवत नाही.

मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह सुरू केलं. तिथल्या तीन वर्षांच्या एका मुलीची त्यांनी लिहून ठेवलेली हकिगत याच प्रकारच्या दट्ट्यांची आहे. तिच्याभोवती मुलांना गाणं म्हणायला लावलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिनं काम सोडलं नाही. माँटेसोरींनी मोजायला लागल्यापासून तिनं ते बेचाळीस वेळा केलं. हे उदाहरण शिक्षक-प्रशिक्षणात मुलांच्या क्षमतेसाठी सांगितलं जातं. मला त्यातला मोजणारा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. माँटेसोरी शेजारी उभ्या होत्या आणि मोजत होत्या. ‘कोणती जाड?’ असं त्यांनी विचारलं नाही.

२ ऑगस्ट

आजपासून नवा रकाना: मोठ्या माणसाची दखल. कोण आलं, काय केलं, आणि मूल त्यानंतर कामावर राहिलं का. ताईंना आधी विचारलं, त्यांच्या वागण्याची नोंद त्यांच्या संमतीशिवाय घ्यायची नाही. दोघींनीही होकार दिला. मोठ्या गटाच्या ताईंनी तर रोज संध्याकाळी पान पाहायला मागितलं आहे.

९ ऑगस्ट

भिंतींचा विषय निघाला. गोलाच्या मागची भिंत तक्ते, अक्षरं, झालरी, वाढदिवसांची यादी यांनी भरलेली आहे. अ‍ॅना फिशर, कॅरी गॉडविन आणि हॉवर्ड सेल्टमन यांनी २०१४ मध्ये हा प्रश्न थेट तपासला होता. बालवर्गातल्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा छोटे पाठ दिले, काही सजवलेल्या खोलीत आणि काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत वेळेपैकी सुमारे ३८.६ टक्के भाग मुलांचं लक्ष पाठाबाहेर होतं, मोकळ्या खोलीत २८.४ टक्के. पाठानंतरच्या प्रश्नांत बरोबर उत्तरं अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के.

त्यातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही: मोकळ्या खोलीत मुलं एकमेकांकडे आणि स्वतःच्या हातापायांकडे जास्त वळली. लक्ष विचलित होणं संपलं नाही, एकूण कमी झालं. आपल्याकडेही तेच दिसतंय. ताईंनी गोलामागची भिंत मोकळी केली, मुलांची चित्रं समोरच्या, गोलात बसलेल्या मुलांची पाठ येईल अशा भिंतीवर हलवली. गोष्टीच्या वेळी वर-मागे भिरभिरणाऱ्या नजरा कमी झाल्या, शेजाऱ्याशी खोड्या तशाच आहेत. मुलांची चित्रं काढून टाकायची नाहीत, हे मात्र मी आग्रहानं सांगितलं. सगळ्या भिंती उघड्या करा, असा त्या अभ्यासाचा अर्थ नाही.

२० ऑगस्ट

दखलीच्या रकान्याचं पहिलं वाचन झालं. दखल म्हणजे सरसकट अडथळा नाही, प्रकार महत्त्वाचा. मूल ज्या वस्तूत आहे तिथंच ताई बसल्या, पाहत राहिल्या, किंवा मूल करतंय त्याबद्दलच एखादं वाक्य बोलल्या, तर काम चालू राहतं, बरेचदा लांबतंही. मुलाला त्या वस्तूपासून दुसऱ्या विचाराकडे नेलं, म्हणजे रंग विचारला, मोजायला लावलं, दुसरी पद्धत दाखवली, की ते तुटतं. चेन यू आणि लिंडा स्मिथ यांनी २०१६ मध्ये एक वर्षाच्या बाळांच्या नजरेचा माग घेऊन हेच दाखवलं होतं: आई किंवा बाबा बाळ पाहत असलेल्याच खेळण्याकडे पाहत असले, तर बाळाची नजर तिथं जास्त वेळ टिकते, पालकाची नजर हलल्यानंतरही. आमची मुलं मोठी आहेत, पण दिशा तीच.

आज छोट्या टोळीतल्या कामात तराजू होता. ताईंनी सकाळी एका टोळीला नीट दाखवलं: दोन्ही पारड्यांत मणी टाका, सारखं करा. मुलांनी सारखं केलं आणि तराजू बाजूला सारला. दुसऱ्या टोळीला दाखवता दाखवता दारात पालक आले, ताईंना उठावं लागलं. त्या मुलांनी तराजू उलटा धरला, एका पारड्यात खोडरबर आणि दुसऱ्यात अख्खी मुठभर मणी टाकले, दांडी फिरवून पाहिली, आणि ताई परत आल्या तरी मुलांना ते कळलं नाही.

हा योगायोग एका प्रयोगाशी फार जवळून जुळतो. एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये बालवर्गाच्या वयाच्या मुलांना चार करामती असलेलं एक नवं खेळणं दिलं. काहींना मोठ्या माणसानं शिकवण्याच्या सुरात एक करामत दाखवली. काहींना तीच करामत अपघातानं झाल्यासारखी दाखवली, आणि काहींच्या बाबतीत दाखवणं मध्येच तोडलं. शिकवलेली मुलं कमी वेळ खेळली, उरलेल्या करामती त्यांनी कमी शोधल्या. मुलं हुशार असतात, म्हणूनच असं होतं: जाणकार माणसानं दाखवलं आणि तो थांबला, म्हणजे दाखवण्याजोगं एवढंच असणार, असा निष्कर्ष ती काढतात.

यावरून दाखवणं बंद करावं असं मी म्हणणार नाही. कात्री कशी धरायची, मणी कसा ओवायचा, हे दाखवावंच लागतं, नाहीतर मूल दोन मिनिटांत वैतागून उठतं आणि लक्षाचा प्रश्नच उरत नाही. पण ज्या वस्तूत शोधण्यासारखं काही आहे, तिथं आधी वस्तू द्यावी आणि मग दाखवावं.

२९ ऑगस्ट

भूमिकाखेळ. मोठ्या गटात एक मुलगा आहे, गोलात तो दर दुसऱ्या क्षणाला उठतो. आज ‘दवाखान्या’त तो दारावरचा माणूस झाला होता. नंबराच्या चिठ्ठ्या वाटायच्या आणि आत एकेकालाच सोडायचं. तो दाराशी उभा राहिला, खेळ संपेपर्यंत. मैत्रिणीनं चित्रं दाखवायला बोलावलं, तर म्हणाला, ‘मी गेलो तर सगळे आत घुसतील.’

झेड. व्ही. मनुइलेंको यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना न हलता उभं राहायला सांगितलं होतं. नुसतं सांगितल्यावर ती जेवढा वेळ उभी राहत, त्यापेक्षा खेळात पहारेकरी झाल्यावर कितीतरी जास्त वेळ राहत. मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांचा विचार हाच, की भूमिकेत नियम असतात आणि ते मुलाला स्वतःला हवे असतात.

याच पायावर एलेना बोद्रोवा आणि डेबोरा लिआँग यांनी १९९० च्या दशकात एक अभ्यासक्रम तयार केला. त्यात मूल खेळाआधी ‘मी आज कोण होणार, काय करणार’ हे ठरवतं आणि चित्र काढून मांडतं. अ‍ॅडेल डायमंड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्यातल्या मुलांचं स्वतःवरचं नियंत्रण तुलनेच्या गटापेक्षा चांगलं असल्याचं दाखवलं. नंतरचे निकाल एकसारखे आले नाहीत: २०१४ मध्ये क्लॅन्सी ब्लेअर आणि सिबिल रेव्हर यांना फायदा दिसला, तर डेल फॅरन आणि सहकाऱ्यांच्या मोठ्या चाचणीत तो दिसला नाही. त्यामुळे कोणत्याही अभ्यासक्रमाचं नाव घेऊन पालकांना आश्वासन द्यायचं नाही, हे आमच्या अहवालात स्पष्ट लिहायचं. खेळाआधी योजना सांगण्याची पद्धत आपण घेऊ, कारण आपल्या वर्गात योजना सांगून सुरू झालेला खेळ जास्त वेळ टिकताना दिसतोय.

६ सप्टेंबर

चारही वेळांत ज्यांचं लक्ष लागताना दिसत नाही अशी मोजकीच मुलं उरली. त्यातल्या एका मुलीच्या नोंदी पुन्हा पाहिल्या: हात आणि नजर ठीक, तोंडी सूचनेला प्रतिसाद जवळजवळ नाही, ताई समोर बसून बोलल्या तर लगेच आहे. तिच्या पालकांना कान तपासून घ्यायला सांगितलं. या वयात कानाच्या पडद्यामागे द्रव साचून ऐकू कमी येणं सर्रास आढळतं, बऱ्याचदा ते आपोआप बरंही होतं, आणि तोवर मूल ‘लक्ष न देणारं’ ठरतं. दुसऱ्या एका मुलाबद्दल झोपेचं विचारायचं आहे. या वयात लक्षाच्या विकाराचा शिक्का वर्गातल्या माणसांनी मारायचा नाही. डॉक्टरांकडे पाठवताना आम्ही फक्त नोंदी देणार, निष्कर्ष नाही.

१२ सप्टेंबर

ताईंबरोबर बैठक. छोट्या गटाच्या ताईंचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. त्या म्हणाल्या, ‘मूल स्वतःच्या आवडीच्या कामात रमतं हे खरं, पण पुढे पहिलीत दुसऱ्यानं दिलेल्या कामावर बसावंच लागेल. ते आम्ही कधी शिकवायचं?’ यावर मोठ्या गटाच्या ताई म्हणाल्या, की त्यांच्याकडे जी मुलं निवडीच्या वेळात लांब काम करतात, तीच गोलातही सुधारली आहेत. हे मला आमच्या नोंदींतून आत्ता सिद्ध करता येत नाही. मुलं या महिन्यांत वाढलीही आहेत आणि रफ-लॉसन यांच्या नोंदीतही एकवटलेलं लक्ष वयाबरोबर वाढतंच. म्हणून तसं अहवालात लिहिणार नाही.

माझं मत मी बैठकीत मांडलं: दुसऱ्यानं दिलेल्या कामावर टिकणं शिकवायचंच आहे, पण ते रिकाम्या वाट पाहण्यातून येत नाही. उलट्या खेळातून, भूमिकेतून आणि थोड्या वेळाच्या, सगळ्यांना गुंतवणाऱ्या गोलातून येतं. छोट्या गटाच्या ताईंना हे पुरतं पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत अहवालात जाईल.

ठरलं ते असं. निवडीच्या वेळात मूल हातात काम घेऊन मुरलेलं असेल तर ताई जवळ बसतील, बोलणार नाहीत. मुलानं वर पाहिलं तर बोलतील. फोटो काम संपल्यावर. दोन्ही गटांचा गोल लहान करायचा, आणि छोट्या गटात बदलाची सूचना वस्तू उचलून द्यायची. पुढच्या टप्प्यात दखलीचा रकाना ताई एकमेकींसाठी भरतील, आम्ही दोघं फक्त जुळणी तपासू. छोट्या गटाच्या ताईंनी आपल्या वर्गासाठी एक वेगळा रकाना मागितला आहे: मूल बोलावल्यावर किती वेळानं आलं. तो सोमवारपासून धरला आहे.